कषायाच्या वेळची राणी

शरावतीअक्काचा नवरा बाईच्या वेषात जितका देखणा दिसायचा तितकी ती स्वतः कधी दिसली नाही, आणि हे तीच सगळ्यांना सांगत सुटायची. "माझी लग्नातली साडी यांनाच शोभली गं कमलाक्षी," म्हणायची. "मी नेसले की पोत्याला दोरी बांधल्यासारखी दिसते."

सुब्राय हेगडे यक्षगानात स्त्रीवेष करायचे. नावाजलेल्या मेळ्यात नाही. होन्नावरच्या बाजारात विचाराल तर चार माणसांना त्यांचं नाव ठाऊक नसेल. पण आमच्या डोंगरावरच्या वाड्यांमध्ये भातकापणी झाली, शेतात मांडव उभा राहिला आणि चंडे, आमचं ढोलवाद्य, वाजायला लागलं की लोक एकमेकांना विचारायचे, राणी कोण, सुब्राय ना? मग घरं रिकामी व्हायची. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी बायकोची तांबडी साडी मागून नेली, ती पुढं मेळ्याच्या चौकीत, जिथं रंग चढवतात तिथल्या पेटीतच राहिली. रंगाचे डाग धुवायला तेवढी घरी यायची.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन्ही सुपारीच्या बागांमध्ये एक पाण्याचा पाट आहे, तो ओलांडला की अक्काची ओसरी. माझी जीभ जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. असू दे. डोळे तरी चांगले आहेत.

मेळा सोडून फार दिवस झाले नव्हते तोच सुब्रायण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भरल्या मांडवाला रडवणारा माणूस, त्याला पाणी हवं की पांघरूण हे अक्काला तर्कानं ओळखावं लागायचं. शेवटी तिनं त्यांना एक खूण शिकवली, हो असेल तर डोळे मिटायचे. ते अंघोळ, जेवण, औषध सगळ्याला मुकाट डोळे मिटायचे. त्यांचं सगळ्यालाच हो आहे की कशालाच काही म्हणायचं नाही, हे मला कधी कळलं नाही. अक्काला कळत असावं.

मात्र दुपारी कषायाच्या वेळी, म्हणजे आमच्याकडे चहाऐवजी धणे-जिऱ्याचा काढा पितात त्या वेळी, माणूस बदलायचा.

आमच्याकडे केबलचं काम तिम्मण्णा नायकाकडे. त्याची तार सुपारीच्या झाडांवरून, फणसावरून, जिथं आधार मिळेल तिथून गेलेली. माकडं तिला लोंबकळायची आणि ऐन बातम्यांत चित्र जायचं. त्याचं स्वतःचं एक चॅनेलही होतं. त्यावर गावातली लग्नं, देवळाचा रथ, कोण वारलं, कुणाची गाय हरवली असलं सगळं लागायचं. हा तिम्मण्णा लहानपणी तापानं मरायला टेकला होता, तेव्हा त्याच्या बापानं देवाला यक्षगानाचा खेळ बोलला. आमच्याकडे असे नवसाचे खेळ बोलतात, आणि ते फेडायला कधीकधी अर्धा जन्म जातो. तिम्मण्णानं केबल सुरू केली, पहिला कॅमेरा घेतला, तेव्हा कुठं बापानं तो नवस फेडला. नवऱ्यानं वनात टाकून दिलेल्या राणीचा प्रसंग होता. राणी आमचे सुब्रायण्णा. तिम्मण्णानं सगळा खेळ टेपवर घेतला.

झटका आल्यावर तो एकदा बघायला आला, ओसरीवर बसून मुळुमुळु रडला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज कषायाच्या वेळी त्यानं ती टेप लावायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं.

"अरे, रोज कशाला?" अक्कानं विचारलं.

"अम्मा, नवस माझ्या जिवासाठी होता. राणी हेगडेरांनी केली. मी जिवंत आहे तोवर लावणार."

वाडीतले लोक कुरकुरायचे. रोज रोज तीच राणी, तिला एकदा नवरा सापडू दे तरी, म्हणायचे. पण लावायची वेळ कुणी बदलू दिली नाही. टीव्हीत चंडे वाजलं की इकडे सुब्रायण्णांचा डावा हात मांडीवरून वर यायचा. बोटं वळायची, मनगट फिरायचं, राणी पदर सावरायची तेव्हा तेही सावरायचे. तेवढा वेळ अक्का शेजारी पाट टाकून बसायची, हातात कषायाचं भांडं, आणि एकेका घोटासाठी थांबायची. कारण राणी बोलत असताना ते पीत नसत.

मग फायबर आलं. म्हणजे येणार असं झालं. इंटरनेट आणि टीव्ही एकाच तारेतून, एकाच बिलात, चॅनेल इतके की नावं वाचतानाच संध्याकाळ व्हावी. पण कंपनीचं म्हणणं, डोंगरावर तार चढवायची तर वाडीतलं प्रत्येक घर हवं. सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं, मला क्रिकेट बघायचं असतं. राहिलं एकटं अक्काचं घर.

"नुसतं इंटरनेट द्या, टीव्ही आमचा आहे तोच राहू दे," असं तिनं कंपनीच्या माणसाला विचारून पाहिलं. तो म्हणाला दोन्ही जोडीनंच मिळतं. आणि तिला ते नाकारायचंही जड होतं, कारण मुलगा विनायक. तो बंगळूरला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याचा फोन आला की मी ओसरीवर असायचेच, अक्का स्पीकर लावूनच बोलते.

"आई, ऑफिसला चालतंय. घरी चांगलं इंटरनेट असेल तर तिथूनच काम कर म्हणालेत. मी येतो ना कायमचा. अप्पय्यांना तू एकटी किती दिवस उचलणार?"

ते खरं होतं. आदल्याच महिन्यात न्हाणीत दोघं एकमेकांवर पडली होती. अक्का ओरडली नाही, भांडं आपटत राहिली, तेव्हा मला ऐकू गेलं. मी गेले तर ती त्यांच्या खाली अडकलेली आणि वर हसत होती. "बघ गं, आता राणीला झेलायचं वय राहिलं नाही माझं." मला हसू आलं नाही. मला तिचा राग आला, त्यांचा आला, विनायकाचाही आला.

तिम्मण्णा स्वतःच येऊन बसला एक दिवस.

"घ्या अम्मा तुम्ही. माझ्याकडे बघू नका."

"आणि तुझी तार?"

"सगळी घरं गेल्यावर मी कुणासाठी माकडं हाकलू? एका घरासाठी लाइन नाही ठेवता येत मला. ठेवली असती हो." त्यानं फणसावरच्या तारेकडे पाहिलं. "त्यांच्याकडे काचेची तार आहे म्हणे, उजेड वाहून नेते. माझी तांब्याची. काय करू?"

"भांड तरी त्यांच्याशी!" मी म्हटलं.

"कुणाशी भांडू कमलक्का? तुम्हीच हो म्हटलंय."

मी सुपारी कातरायला घेतली.

अक्का मग नवऱ्याकडे गेली. त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि सगळं नीट सांगितलं, विनायक येईल, पण तुमची राणी जाईल. "हो असेल तर डोळे मिटा." पण तिनं नेमकं कषायाच्या वेळी विचारलं. टीव्हीत गाणाऱ्या भागवतानं सूर धरला होता. रंगमंचावर पाऊल पडल्यावर हा माणूस घरचं काही ऐकत नसे, पोटचं पोर तापलेलं असतानासुद्धा ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. हात फिरत राहिला. अक्का उठली आणि म्हणाली, "हो की नाही ते मलाच सांगायला लागणार म्हणजे."

विनायकानं तोडगा काढला. टेप मला द्या, बंगळूरला एक माणूस जुन्या टेपा उतरवून देतो, मग अप्पय्या हवं तेव्हा बघतील, दिवसभर बघतील. हे ऐकून अक्काचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, चला, सुटलो. तिनं कंपनीला हो कळवलं.

तिम्मण्णानं टेप कापडात गुंडाळून आणून दिली. "बुरशी आहे हिला," तो विनायकाला म्हणाला. "माझ्या मशीनला सवय होती हिची. जपून."

काचेची तार डोंगरावर चढली. विनायक बाडबिस्तरा घेऊन आला, बापाला पोरासारखा उचलून न्हाणीत नेऊ लागला. अक्काचं कंबर धरणं थांबलं. तिनं कितीतरी दिवसांनी उसाच्या रसाचे पातळ, गोड तोडदेव केले, मलाही पान भरून पाठवले. ते दिवस चांगले होते, नाही म्हणणार नाही.

टेप मात्र तुटून आली. बंगळूरच्या माणसानं प्रयत्न केला, बुरशीनं पट्टी पट्टीला चिकटली होती, साफ करताना फाटली. आवाज नाही, चित्र नाही. विनायकाचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं बिचाऱ्यानं नव्या टीव्हीवर शोधून शोधून दुसरे खेळ लावले. मोठमोठ्या मेळ्यांचे, मोठ्या कलावंतांचे, लखलखीत चित्र. सुब्रायण्णांनी एका नामवंत राणीकडे घडीभर पाहिलं, जिभेनं च्यक् केलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्याची राणी त्यांना आयुष्यात कधी पटली नव्हती.

तिम्मण्णानं झाडांवरची तार गुंडाळून नेली. नवस अर्धा राहिला म्हणून तो अक्काच्या पाया पडला.

आणि काजू मोहरला तेव्हा विनायकाच्या ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलं. यायचं नसेल तर नोकरी सोडा म्हणाले. तो दोन दिवस बागेत नुसता फिरत होता. "आई, मी काय करू?" म्हणाला. तिनं त्याला शिदोरी बांधून दिली. दुसरं काय देणार होती?

तो गेला त्या दुपारी मी पाट ओलांडून गेले. अक्कानं मेळ्यातून घरी आलेल्या पेटीतून तांबडी साडी काढली होती. कडेला अजून रंगाचे डाग होते. ती साडी तिनं मेळ्यातल्या राणीसारखी नेसली, पदर तसाच घेतला, आणि बंद टीव्हीपुढं जाऊन उभी राहिली. "हसू नकोस," मला म्हणाली. मी कशाला हसते! तिनं हात उचलला. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेलं सगळं तिला पाठ होतं, वनात टाकून दिलेल्या बाईचं बोलणं ती हळू आवाजात बोलू लागली.

सुब्रायण्णा तिच्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात मांडीवरून वर आला. हात हवेत गेला आणि बोटं दोनदा एकाच दिशेला हलली.

बाजूला हो. टीव्ही दिसत नाही.

अक्का बोलता बोलता थांबली. मग पदर नीट केला, पाट ओढला आणि नेहमीच्या जागी, त्यांच्या शेजारी येऊन बसली. समोर काळा पडदा होता. तिनं कषायाचं भांडं त्यांच्या ओठांशी नेलं, ते प्याले नाहीत.

"आता दिसतंय का हो?" तिनं विचारलं.

त्यांनी डोळे मिटले.