बंद कूलर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

अकोल्यात आमच्याकडे एक कूलरवाला येतो. मार्च लागला की न बोलावता गवत बदलतो, मोटरीला कान लावून म्हणतो, "मस्त बोलून राहिली." मेमध्ये भर दुपारी कूलरचा आवाज नाही म्हणून तो भिंत चढून आत शिरला आणि घरी एकटेच राहणाऱ्या, बेशुद्ध पडलेल्या बाबांना दवाखान्यात घेऊन गेला. पुण्याहून पोचल्यावर मी शुद्धीवर आलेल्या बाबांना ठोकून दिलं, "मीच याला फोन केला होता."

बाबांनी त्याला विचारलं, "खरंच याचा फोन आलता तुले?"

माझ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, "हो काका, भाऊचाच."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या पुण्यात बंद कूलर पाहून कोनी थांबते का? आमी थांबतो."

असा माणूस माझ्या गावचा आहे, याचा मला अभिमान आहे. बाबा अजून माझंच कौतुक करतात. त्यांना खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.