एनॉकने माग खरा सांगितला

एनॉकच्या कुळाचं देवक हत्ती, म्हणून त्या कुळात हत्तीचं मांस वर्ज्य. झांबेझीच्या खोऱ्यात त्याला सगळे ‘सामान्यांगा’ म्हणत, म्हणजे सुळ्यांचा धनी. आणि हा सुळ्यांचा धनी वीस वर्षं परदेशी शिकाऱ्यांना हत्तीच्या मागावर नेत होता.

“देवकावर बंदुका नेतोस आणि ताटात मात्र सोवळं!” गावातला फुंगाई म्हणे. दोघांच्या घराण्यांत थट्टेचं नातं होतं. फुंगाईच्या टोमण्याचा राग धरायचा नाही, अशी रीतच.

“सोवळं तोंडाला असतं, पायांना नाही,” एनॉक हसून म्हणे.

शिकारीच्या पैशातूनच दवाखान्यावर पत्रे चढले होते आणि चोरून फासे लावणारे कमी झाले होते, हेही खरं.

त्या वर्षी फाटक्या कानाचा एक तरणा हत्ती मक्यात शिरू लागला. कापणीला तीन आठवडे होते. हंगामातला एकच हत्ती मारायचा परवाना उरला होता. तो याच हत्तीसाठी वापरायचा, असं शिकारी कंपनीच्या गोऱ्या वाटाड्याने गावाला कबूल केलं होतं.

“आज तोच पडला पाहिजे, बाबा रुडो,” लेकराच्या नावाने हाक मारत बायकोने निघताना बजावलं. “नाहीतर पोरांना काय शिजवून घालू, तुमचे माग?”

पाणवठ्यापाशी दोन माग निघाले. एकाच्या टाचेत खोल भेगा होत्या, तो फाटका कान. दुसरा रुंद, झिजून गुळगुळीत झालेला, तो म्हातारा. म्हातारा आसपास असला की तरणे मर्यादेने राहतात, हे एनॉकला बापाने शिकवलं होतं.

“मोठ्या सुळ्यांचा कुठला?” वाटाड्याने विचारलं.

“गावाशी फाटका कान ठरलाय, बॉस.”

“गावाचं मी बघतो. कुठला?”

पैसे भरून शिकारीला आलेल्या परदेशी पाहुण्याचा तो शेवटचा दिवस होता. एनॉकने मोठ्या सुळ्यांचा म्हणून भेगांचा माग दाखवला असता, तर संध्याकाळपर्यंत समोर येईल त्यावर पाहुण्याने बार काढला असता. पण मागाबाबत एनॉक जन्मात खोटं बोलला नव्हता. त्याचं बोट गुळगुळीत मागाकडे वळलं.

दुपारी म्हातारा पडला. पाहुण्याने एनॉकचा हात दाबून धरला. गावाने मांस वाटून नेलं. फुंगाईही आपला वाटा घेऊन दारावरून गेला, पण बोलला काहीच नाही. एनॉकला तेच लागलं.

आठवड्याने फाटका कान आला, आणि त्याच्यामागे आणखी चार. पहाटे त्याची बायको, माई रुडो, मक्याच्या आडव्या पडलेल्या ताटांत उभी होती.

“तुम्हाला ठाऊक होता ना त्याचा माग?”

“होता.”

ती वाकून मोडकी कणसं वेचू लागली.

पुढच्या हंगामात वाटाड्याचा निरोप आला, माग खरा सांगणारा माणूस हवाय. घरात मका नव्हता. एनॉक गेला.