कमलची कंबर

कमल गेली तेव्हा मी अंकुशनगरला लेकीकडे होते. दुपारी पुतण्याचा फोन आला, "मोठीआई, आई गेली." जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी त्याला म्हणाले, "नीट बघ, झोपली असंल." असं बोलायला नको होतं... पण निघून गेलं. त्याला आता सव्वा महिना झाला.

कमल माझी धाकटी जाऊ, वीस वर्षांनी लहान. परतूरला आमच्या गल्लीतली नवी लेकरं तीच न्हाऊ घालायची. जमिनीवर पाय पसरून बसायची, लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायची, तेल चोळायची, वरून ऊन पाणी. तिच्या हातात लेकरं रडत नसत असं मी लिहिणार नाही, भरपूर रडायची. पण नंतर अशी झोपायची की बाळंतिणीला दोन घास सुखाने खाता यायचे.

मग तिची कंबर धरली. कळ टाचेपर्यंत जायची. वर्षभर गोळ्या, शेक, व्यायाम झाले, उपयोग झाला नाही. संभाजीनगरला डॉक्टरने फोटो पाहून सांगितलं, दोन मणक्यांमधली गादी झिजली आहे. एक तर ते दोन मणके स्क्रूने जोडून टाकायचे, म्हणजे तिथलं हलणं बंद. नाहीतर झिजलेली गादी काढून नकली बसवायची, ती हलते. पण ती सगळ्यांना चालत नाही, हाडं अन् मागचे सांधे चांगले लागतात. कमलचे चांगले होते.

मी म्हणाले, "जोडूनच टाका. हलती वस्तू कधी ना कधी मोडती."

"जोडलं तर वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण येऊ शकतो, मावशी. पक्की खात्री कशाचीच नाही."

तेवढ्यात कमल तपासायच्या टेबलावरून उतरून फरशीवर पाय पसरून बसली. घोट्याकडे हात न्यायला लागली अन् कळ आली तशी थांबली. "साहेब, मला इथवर वाकाया पायजे. जोडल्यावर जमंल का?"

"थोडं कमी होईल. किती, ते आधी सांगता येत नाही."

"मंग हलती बसवा."

मला राग आला. "लोकाची लेकरं धुवायला चिरून घेऊन राह्यली का तू?"

"अक्का, कंबर माझी हाय. तुमची तर पयल्यापासून ताठ, तुमाला काय कळन?"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर पाठ कोरी अन् पट्टी पोटावर! ऊसतोडीच्या किती बायांच्या पिशव्या काढलेल्या मी पाहिल्या आहेत. मी दवाखाना डोक्यावर घेतला. "कंबर दाखवायला आणली अन् बाईची पिशवी काढली!" डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं, ही गादी समोरून, आतडी बाजूला सारून बसवतात. कमलला हसू आवरेना. "सिस्टर, आमच्या अक्काला जल्दी भायेर न्या, टाके तुटतेन माझे."

पुढे काही महिने तिला वाकायची मनाई होती. डॉक्टरने हो म्हटल्यावर पहिलं लेकरू माझ्या नातवाचं आलं. ती बसली, मी दारात उभी राहिले. मी लेकराकडे बघत नव्हते, तिच्या कमरेकडे बघत होते. ती वाकली. हात घोट्याच्याही पुढे गेला... तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर किती लेकरं झाली ते मोजलेलं नाही. माझं चुकलं होतं, हे मी तिला कधी म्हटलं नाही. तिनेही म्हणवून घेतलं नाही.

मी अंकुशनगरहून पोचले तोवर अंग ताठ झालं होतं. आंघोळ मी घातली. पोटावरची खूण पांढरी पडली होती. कमल इतकी सरळ मी कधी पाहिली नव्हती.

मागच्या आठवड्यात शेजारच्या सुनेचं लेकरू घरी आलं. बघायला गेले. त्यांनी न्हाऊ घालायला प्लास्टिकचा टब आणला आहे, चांगला आहे. पण न्हाणीत सून दाराशी अवघडून बसली होती, भिंतीकडची सगळी जागा मोकळी.

म्हणाले, "तिकडं सरक की, पोरी."

ती म्हणाली, "तिथं कमलकाकू बसायच्या ना..."

पाय पसरले तर मावतील, तेवढीच जागा होती. मी पण दारातच उभी राहिले.