मडमचं गाऱ्हाणं

माझं इंग्रजी आमच्या गावात कुणीही ऐकलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बेळगावला आत्याकडे राहून मी नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वर्गात बोललं की शिक्षा आणि गप्प बसलं की बक्षीस. मी दरवर्षी बक्षीस घेऊन मालवणला येई. मग बाबा बंदरावर, बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा सांगत सुटत, “आमचा चेडू इंग्रजी फाडफाड बोलता!” हे चेडू म्हणजे मुलगी, अर्थात मी, तेव्हा मागच्या पडवीत लपलेली असे.

अशातच वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. मुलगा मुंबईत साहेबाच्या कंपनीत. हुंडा नको, मानपान नको; मुलीला इंग्रजी बोलता आलं म्हणजे झालं. खात्री करून घ्यायला मुलाचे मामा येणार होते. मामांचा सारा जन्म गलबतावर गेलेला. इंग्रजीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण ‘ऐकल्यावर समाजता’ असा त्यांचा निरोप होता. (मुलाचा फोटो मला आवडला होता. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. इथेही कंसातच सांगते.)

मामा आले त्याच सकाळी बाबा त्यांच्यासाठी सुरमई आणायला बंदरावर गेले, आणि येताना सुरमईबरोबर एक गोरं जोडपं घेऊन आले! साहेब आणि मडम. दोघं देशभरची देवळं आणि किल्ले बघत फिरत होती. समुद्रातला किल्ला बघून झाला होता. आता बाबांनी हातवारे करून त्यांना आमच्या ग्रामदेवाच्या देवळातल्या कोरीव खांबांची लालूच दाखवली होती.

“देवान परीक्षकच दारात धाडल्यान!” बाबा आनंदाने ओरडले.

आई माझ्या कानाशी आली. “आज तोंड उघड हां, बाये. वेंगुर्लेकर ऐकतले.”

मी मान हलवली. (तोंड उघडायची सुरुवातही मी मानेनेच केली.)

देवळाशी पोचेपर्यंत निम्मं गाव मागे लागलं होतं. खांब बघायला कुणी येत नव्हतं. ते रोजचेच होते. सगळे माझं इंग्रजी बघायला चालले होते. मामा सर्वांत पुढे, कानामागे हात धरून.

चपला काढून मडम आत पाय टाकणार, तोच सखाराम गुरव आडवे झाले.

“थांबा! देवाक इचारूक व्हया.”

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. गुरवांनी पाकळ्या लावल्या. गाव श्वास रोखून उभं राहिलं. पाकळ्या हलेनात.

“गाऱ्हाणा घालूक व्हया,” गुरव म्हणाले आणि देवाला साकडं घालायला त्यांनी आवाज चढवला. “बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” गाव गरजलं. साहेब दचकून दाराच्या चौकटीला टेकला.

“आज ही लेकरां सात समुद्र ओलांडून तुज्या पायाशी इली हत. त्येंच्या वाटेत कोणी वाकडा-नाकडा केला असात तर ता दूर कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“त्येंच्या घरात पाळणो हलू दे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

मडमचे सगळे केस पांढरे होते. तिने उत्सुकतेने माझ्याकडे वाकून विचारलं, ते काय म्हणाले? मी घसा साफ केला. सगळं गाव माझ्या घशाकडे बघत होतं. पाळण्याचं हिला कसं सांगायचं?

“वेलकम,” मी म्हणाले.

पाकळ्या जागच्या जागी.

मामांनी कानामागचा हात खाली घेतला. “एवढ्या मोठ्या गाऱ्हाण्याचा इंग्रजी एवढासाच?”

“इंग्रजी आटपशीर भाषा आसा, मामानू,” बाबा घाईने म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“आटपशीर कसली?” मागून कुणीतरी बोललं. “आगबोटीवरचो कप्तान तासभर बोलता.”

गुरवांनी निदान केलं. “मडमेक गाऱ्हाणा समाजला नाय, म्हणान देव गप आसा. चेडवा, त्येंका नीट सांग. सगळा सांग!”

“लांब बोल गो!” बाबा दात आवळून कुजबुजले. “लांब!”

मी मामांकडे पाहिलं. ते गावच्या वाटेकडे बघू लागले होते. स्थळ डोळ्यांदेखत वेंगुर्ल्याला परत चाललं होतं. माझ्या डोक्यातलं सारं इंग्रजी गळून गेलं. राहिलं ते फक्त एक, शाळेत शंभरदा घोकलेलं आणि झोपेतही न चुकणारं. मी डोळे मिटले आणि सुरू केलं:

“सर, आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स लास्ट नाइट...”

रजेचा अर्ज! काल रात्रीपासून मला ताप आहे, शाळेत येता येणार नाही, दोन दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती. एका दमात, खणखणीत, पूर्णविरामांसकट. शेवटी ‘युवर ओबीडियंट प्युपिल’ म्हणून मी नावही सांगितलं.

“होय म्हाराजा!” गाव बेभान होऊन गरजलं, आणि त्याच क्षणी उजवी पाकळी टपकन पडली!

“देवाक इंग्रजी कळता!” गुरवांनी हात जोडले.

बाबांनी डोळे पुसले. मामांचा हात पुन्हा कानामागे गेला होता. एव्हाना मी सुटायला हवी होते. पण मडम काही खांब बघायला गेली नाही. ती धावत माझ्याकडे आली. तिने माझ्या कपाळाला हात लावला, पापणी ओढून डोळा बघितला, साहेबाला हाक मारून चामडी पेटी आणवली आणि मी काही बोलायच्या आत थर्मामीटर माझ्या तोंडात खुपसला! बाई डॉक्टर निघाली.

मी बोलायला गेले. तिने हनुवटी धरून तोंड बंद केलं.

“ह्या काय घातल्यान तोंडात?” मामा पुढे सरसावले.

बाबांना थर्मामीटर चांगला ठाऊक होता. पण ताप म्हटलं की मुलगी आजारी, आणि आजारी म्हटलं की स्थळ बुडालं!

“ती... इंग्रजी मोजूची कांडी, मामानू. कोणाक किती येता, ता थंय दिसता.”

“ह्याच्यान?”

“विलायती वस्तू ती!”

मी डोळे फाडून बाबांकडे बघत होते. आईने देवाकडे तोंड केलं. सगळं देऊळ वाकून माझ्या तोंडातून बाहेर डोकावणाऱ्या त्या काचेकडे पाहत उभं होतं. गुरवांनी तेवढ्यात, खबरदारी म्हणून, नव्या पाकळ्या लावल्या.

मडमने कांडी काढली, उजेडात धरली, फिरवून फिरवून वाचली आणि हसून म्हणाली, “नॉर्मल! परफेक्टली नॉर्मल!”

“काय म्हणता?” मामांनी विचारलं.

“पास!” बाबा ओरडले.

गावाने टाळ्या पिटल्या. मामांनी काठी फरशीवर आपटली. “चेडू पसंत! झिलाक आजच पत्र धाडतंय. फोटो तिणा बघल्यान मा? आवडलो काय तिका?”

सगळं देऊळ वळून माझ्याकडे बघू लागलं. आता तोंडात काहीच नव्हतं, तरी मला एक शब्द फुटेना. कान तापले, गाल तापले, मानेपर्यंत आग चढली. मडमने कांडी झटकून पेटीत ठेवून दिली होती, हे माझं नशीब. त्या क्षणी तिने मोजली असती, तर मी इंग्रजीत साऱ्या कोकणात पहिली आले असते!