अंजनवेलच्या कातळाखाली थांबलेली होडी

मंडळी, हे लिहायचं की नाही यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला होता. लिहू नये, असं माझंच मत होतं. मी अलोऱ्याच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं. "भूत दाखवा, मिशा उतरवतो" असं दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचो. निवृत्त झालो तरी मिशा जागेवर आहेत! एका अमावास्येला तर पोरांना घेऊन गावच्या स्मशानात बसून कांदाभजी खाल्ली होती. त्यावरून गावात महिनाभर बोंबाबोंब झाली, पण भजी झकास झाली होती.

आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा लहानपणापासून पाठ. नवस, अंगारे, उतारे उंबऱ्याबाहेर ठेवण्यात माझ्या आईवडिलांची हयात गेली आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तेव्हा पुढचं वाचून 'मास्तर म्हातारपणी बिघडले' असं कृपया म्हणू नका... शेवटी बायकोच म्हणाली, "लिवा. जसा झाला तसा लिवा. लपवलात तर तुमचा विज्ञान काय कामाचा?"

बायको म्हणजे सुनंदा. सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे दाभोळच्या आसपास सगळे तिला सिस्टरच म्हणतात. माहेर तिथलंच, खाडीला लागून. लहानपणी परकर खोचून काठावर गरवत बसायची. गरवणं म्हणजे जाळं नाही, नुसता दोरा, गळ आणि भरपूर चिकाटी. नोकरी संपल्यावर लोक गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतात, आमच्या हिने होडी घेतली. फायबरची, चार माणसं बसतील एवढी, मागे सेकंडहँड इंजिन. दाभोळला घाटावर ती पहिल्यांदा पाण्यात उतरवली तेव्हा निम्मा बाजार बघायला आला होता. "सिस्टर, इंजेक्शन देऊन पकडणार काय मासा?" असंही कोणीतरी विचारलं. ही हसली आणि दोरी ओढून इंजिन चालू केलं.

मी काठावर उभा राहून बघत होतो. आमच्या आज्ज्यांना गावच्या विहिरीवर घागर बुडवायची चोरी होती. त्यांची नात स्वतःची होडी घेऊन समुद्रात चालली होती. हे मी कोणाला बोललो नाही, आज लिहून टाकतो.

फक्त आमच्या मुलाला, ठाण्याला असतो तो, हे पसंत नव्हतं. फोनवर म्हणाला, "आई, हौस कर. पण एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, तरी होडी विकायची. शब्द दे." तिने दिला. सुनंदा शब्द देते तेव्हा तो पाळते, त्यामुळे मला त्या दिवसापासूनच धास्ती होती. तिला होडीवर बघितलेलं असल्यामुळे ती होडीशिवाय कशी दिसेल, हे मला बघायचं नव्हतं.

होडीवर माझं काम काय? डबा उघडणे, सांगितलेलं धरणे आणि उलटी न करणे. तिसरं अजून पूर्ण जमलेलं नाही.

तर तो रविवार फेब्रुवारीतला. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरती-ओहोटीला जोर कमी. गरवायला हेच दिवस बरे. उजाडता उजाडता आम्ही खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो. सुनंदाची एक ठरलेली जागा आहे, पाण्याखालच्या खडकांची. ती शोधायची रीत अशी, की अंजनवेलच्या गोपाळगडाच्या बुरुजाच्या बरोब्बर मागे वीज प्रकल्पाची चिमणी आली पाहिजे. जरा इकडे तिकडे झालं की खाली नुसती वाळू. अशी दुसरी खूण उत्तरेकडे आहे, ती मात्र ती मलासुद्धा सांगत नाही. "तुमच्या पोटात काय रवत नाय," म्हणते.

आता नांगराबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. होडीत नांगर दोन. खडकावर टाकायचा तो लोखंडी सळ्या वाकवून केलेला. अडकला तर जोर लावून ओढायचं, सळ्या सरळ होतात आणि नांगर सुटतो. दुसरा वाळूतला, रुंद फाळांचा. दोर मात्र एकच. दोराच्या टोकाला दोनतीन हात जाड साखळी, साखळीच्या टोकाला बोल्टची लोखंडी कडी. लागेल तो नांगर त्या कडीत अडकवायचा आणि बोल्ट पान्याने आवळायचा. परतताना खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा लागतो, म्हणून निघण्याआधी खडकाचा नांगर काढून वाळूचा चढवायचा, हा तिचा कडक नियम.

सकाळ झकास गेली. दोन गोबरे मिळाले, मला एक शिंगाळा मिळाला आणि मी उलटीही केली नाही. ऊन चढलं, तसा पश्चिमेकडून खारा वारा सुटला. सुनंदाने नांगर वर घेतला, कडीतून सोडवला, पुढच्या फळीखाली ठेवला. मोकळा बोल्ट पाण्यात पडेल म्हणून तो पुन्हा कडीत घालून पान्याने आवळून ठेवला. ही तिची दवाखान्यातली सवय. झाकण बाटलीला, सुई डबीत. आता दुसरा नांगर काढणार, इतक्यात अजून पाण्यातच असलेला तिच्या गळाचा दोरा सणसणत सुटला!

"अवो, जाळी घ्या! जाळी!"

मग काय विचारता... वारा आम्हाला ढकलतोय, ही पाय रोवून उभी, दोरा बोटांना कापतोय आणि तोंडाने त्या माशाला अगदी लेकरासारखं, "ये बाबा ये, असा नको करू." बऱ्याच वेळाने लालभडक तांबोशी वर आली. मांडीवर घेतली तर दोन्हीकडून बाहेर. मी फोटो काढले, ती हसत होती, कपाळावर खवला चिकटलेला. आम्ही त्या आनंदात इंजिन चालू केलं आणि घराकडे निघालो. नांगराची आठवण दोघांनाही राहिली नाही.

अंजनवेलच्या टोकाखालून जात असताना इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

तिथला किनारा ज्यांनी समुद्रातून पाहिलाय त्यांना सांगायला नको. काळा कातळ सरळ पाण्यात उतरलेला आणि वारा आम्हाला त्याच्याकडेच घेऊन चाललेला. सुनंदाने दोनचार वेळा दोरी ओढली. मग इंजिन सोडून ती पुढे धावली आणि साखळी दोन्ही हातांनी उचलून पाण्यात फेकली. दोर सरसर गेला, ताठ झाला, होडीचं तोंड गर्रकन वाऱ्याकडे वळलं... आणि आम्ही थांबलो. मागे कातळ इतका जवळ होता, की त्यावर चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा दिसत होत्या.

"पेट्रोलात पाणी गेलाय," ती म्हणाली. "मी नळी साफ करते. तुम्ही पुढं बसा. दोरावर हात ठेवा. थरथरला तर नांगर घसरतोय, लगेच सांगा. बाकी काय बोलू नका."

मी तरंगायच्या जाकिटाचे पट्टे आवळले आणि दोरावर तळहात ठेवून बसलो. खरं सांगतो, मला मरणाची भीती वाटत होती. पण त्याहून जास्त, मागून होडी फुटल्याचा आवाज येईल आणि मला हिचं तोंड बघावं लागेल, याची वाटत होती.

दोर थरथरला नाही. मुळीच नाही. लाट आली की होडीचं नाक वर जायचं, दोर ताणला जायचा, आणि लाट गेली की... आता नीट वाचा. लाट गेली की दोर ढिला पडायला हवा. तो पडत नव्हता. तो आत ओढला जायचा. माझ्या तळहाताखालून, सावकाश, एखाद्याने पकड बदलून पुन्हा धरावं तसा. आणि होडी वाऱ्याच्या विरुद्ध हातभर पुढे सरकायची. मला आधी भास वाटला. मी मागे वळून पाहिलं. कालवांच्या कडा आता वेगवेगळ्या दिसत नव्हत्या, कातळ नुसता काळा दिसत होता.

"अगं, होडी पुढे चाललीय."

"बोलू नका म्हटला ना! दोर थरथरतोय काय?"

"नाही."

"मंग बसा गप."

सुनंदाने वळूनही पाहिलं नाही. फिल्टरची वाटी ओतून पुसली, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं, थुंकली, पुन्हा ओढलं. सलाइनच्या नळीतली हवा काढावी तशी बोटांनी टिचक्या मारत होती. साठी ओलांडलेली बाई, लाटांवर हिंदकळत, कातळाकडे पाठ करून... मी कित्येक वर्षं हिच्याबरोबर संसार केला, पण दवाखान्यात ही रात्रंदिवस काय करत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

इंजिन लागलं. "ओढा आता!" ती ओरडली. तिने होडी हळूहळू पुढे घेतली, मी दोर गोळा करू लागलो. वजन होतं. चांगलं वजन होतं, माझे खांदे भरून आले. साखळी पाण्यातून वर दिसली आणि त्याच क्षणी वजन गेलं. हातातून कोणी सोडून द्यावं तसं. मी पाठीवर आपटलो.

साखळीच्या टोकाला नांगर नव्हता.

"तुटला," मी म्हटलं. "नांगर तुटला गं."

तिने इंजिन मंद केलं आणि साखळी हातात घेतली. कडी धडधाकट होती. बोल्ट तिनेच आवळलेला, तसाच घट्ट. बंद कडीतून नांगर निसटत नाही. ती थोडा वेळ कडीकडे बघत राहिली. मग वाकून तिने पुढची फळी उचलली. खाली दोन्ही नांगर शेजारी शेजारी ठेवलेले होते. खडकाचाही, वाळूचाही.

दाभोळच्या घाटाला होडी लागल्यावर सुनंदा म्हणाली, "मला वजन कळलाच नाय वो. मी नुसती साखळी फेकली."

शेजारी ज्यांची बोट लागते त्या दत्ता तांडेलांना आम्ही सांगितलं. चाळीस वर्षं समुद्रावर असलेला माणूस. त्यांनी आधी तांबोशीचं कौतुक केलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. "सिस्टर, तिथं वाळू हाय. साखळी दगडात अडकंल, वाळूत कशी अडकंल? आमी जाता-येता दर्याला नारळ देतो, तुमी देत नाय. पन त्यानं धरलान तर तुमालाच!" ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत झालाच आहे. पुढच्या भांगाला, वारा सुटायच्या आत, आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी गेलो, दत्ता तांडेलांची बोट जवळ ठेवून. शिशाच्या वजनाला खालून साबण चिकटवून तळाला सोडलं. वर आलं तेव्हा साबणाला वाळूच वाळू. जागा बदलून बदलून पाहिलं, दगडाचा कणसुद्धा नाही. मग सुनंदाने नुसती साखळी टाकली. मी दोरावर हात ठेवला. दोर थरथरला, साखळी घसरली, होडी वाहू लागली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. त्या सकाळी वारा निम्माही नव्हता, तरी साखळीने होडी एकदाही धरली नाही.

दगडाची खाच, बुडालेलं जाळं, पाण्याचा उलटा प्रवाह, सगळे पर्याय मी मांडून झाले. जाळं असेल तर ते नंतर गेलं कुठे? प्रवाह होडी ढकलेल, पण साखळीला वजन कसं देईल? विद्यार्थ्यांना मी शिकवायचो, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, भूत म्हणू नका, देवही म्हणू नका. तेच आज स्वतःला सांगतोय, आणि ते इतकं जड असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

परत निघताना सुनंदाने इंजिन जरा थांबवलं. तिने हात जोडले नाहीत, नारळही नव्हता. पाण्याकडे बघून सरळ म्हणाली, "कोण असशील तो. बरा केलास." दवाखान्यात रात्रपाळीहून जाणाऱ्या माणसाला सांगावं तितक्या साधेपणाने. मला ते चुकीचं वाटलं नाही.

आता मुलगा हे वाचणार. त्याला ही गोष्ट आजवर आम्ही सांगितली नव्हती, कारण दिलेला शब्द. सुनंदाचं म्हणणं, तो म्हणेल तर ती होडी विकेल. बाळा, तू म्हणशील ते ती करेल, म्हणून तूच विचार करून बोल. 'वेडंवाकडं झालं तर' असं तू म्हणाला होतास. तुझ्या आईने इंजिन चालू करून, मला आणि होडीला ओरखडाही न लागता, तांबोशीसकट घरी आणलं. दोराच्या खालच्या टोकाला त्या दिवशी काय होतं ते मला माहीत नाही. वरच्या टोकाला, होडीत, कोण होतं, ते मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.