रंगवलेला आठवा ड्रम

ती रविवारची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. तुम्ही दोघांनी शाळेच्या धर्मादाय दौडीचे फोटो पाठवलेत आणि आजीने नुसतं 'छान' लिहिलं, म्हणून रुसलात. कारण सांगते. नावं कोणाचीच लिहिणार नाही.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि कामोठ्याकडच्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते. आमच्या हद्दीत मतिमंद मुला-मुलींसाठी दिवसभराचं एक केंद्र होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने ते उभं केलं होतं. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. केंद्राच्या मदतीसाठी बाईंनी खाडीकाठच्या रस्त्यावर दौड ठेवली. प्लास्टिकची एकही बाटली नको, नवी वस्तू विकत आणायची नाही, जुनंच वापरायचं, हा त्यांचा आग्रह. मोठे निळे ड्रम मिळवले, केंद्रातल्या मुलांनी ते गेरूच्या रंगाने रंगवून त्यावर पांढऱ्या रेघांची नाचणारी माणसं काढली. एकूण आठ ड्रम. पाणी, कोकम सरबत आणि हात धुणं, सगळं त्यातूनच.

दौड संपून तासही झाला नव्हता, तेवढ्यात हॉस्पिटलमधून ठाण्यात फोन आला. उलट्या, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या. पंधरा-वीस जण दाखल होते. कामोठ्यातले एक गृहस्थ दुपारी गेले. त्यांनी सरबताचे तीन पेले घेतले होते. आमच्या ठाणे अंमलदाराने आकस्मिक मृत्यूची नोंद केली. मी जागेवर जाऊन आठही ड्रम सील करून मुद्देमालात घेतले आणि नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका अनोळखी स्त्रीचा आवाज आला. "टेम्पोवाल्याला विचारा. एक ड्रम तुर्भ्याच्या भंगारातला होता." नाव विचारताच फोन बंद. ती कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

टेम्पोवाला म्हणजे जवळच्या खाडीकाठच्या गावचा एक आगरी माणूस. त्याची जमीन कधीच शहरात गेली होती. टेम्पो चालवायचा. बायको वारलेली. बावीस वर्षांची मुलगी बाईंच्या केंद्रात जायची. ती एकटी राहू शकत नसे. गॅस सुरू करून ठेवी, रस्त्यावर निघून जाई. केंद्र नव्हतं तेव्हा तो तिला घरात कोंडून, बाहेरून कडी घालून कामाला जात असे. हे त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून.

आधी तुर्भ्याच्या भंगारवाल्याला आणलं. तो आल्या आल्या हात जोडून बोलू लागला. "मॅडम, सात ड्रम लोणच्याच्या कंपनीचे दिले, एकदम साफ. आठवा पिकावर फवारायच्या औषधाच्या कारखान्याचा होता. मी बोललो ना त्याला, पिने का नहीं है! तो बोलला, हात धोने को चाहिए. आता मी काय, ड्रमच्या मागे पळू?"

"पळायला लावू का?" आमच्या महिला हवालदाराने विचारलं.

मग टेम्पोवाल्याला समोर बसवलं. मी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, माजीच चूक हाय. ड्रम मीच आनला. लेबल मीच कारून टाकला. कोनाला सांगितला नाय. लिवा."

"का काढलंस?"

"असाच."

"बाईंना माहीत होतं?"

"बाईंना काय बी म्हाईत नाय. त्यांचं नाव नको घेव." आणि लगेच, "मॅडम, केंद्र उघरलाय ना आज?"

हवालदार मला बाहेर नेऊन म्हणाली, "मॅडम, मार खाल्ल्यावरसुद्धा माणूस इतक्या लवकर कबूल होत नाही."

तिचं बरोबर होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, तिला पुराव्याचा आधार लागतो. शिवाय इतक्या वर्षांत मी पाहिलं होतं की अडकलेला माणूस आधी स्वतःचं विचारतो. सुटेन का, घरी कळेल का. हा केंद्राचं विचारत होता.

मी मुद्देमालाच्या खोलीत गेले. प्रयोगशाळेचा तोंडी निरोप आला होता, विष आठव्या ड्रमात होतं. मी त्या ड्रमावरून हातमोजा घातलेला हात फिरवला. रंगाखाली एक चौकोनी उंचवटा लागला. लेबल काढलेलं नव्हतं.

दोन पंच बोलावले, प्रयोगशाळेचा माणूस बोलावला, पंचनामा सुरू केला. त्याने पातं लावलं आणि मुलांनी काढलेल्या माणसांची एक रांग पापुद्र्यासारखी सुटून आली, कारण खाली पारदर्शक चिकटपट्टी होती. पट्टीखाली कारखान्याचं लेबल, त्यावर धोक्याची खूण, आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'हात धुवाला. पिवाचा नाय.' पाण्याने पुसू नये म्हणून त्यानेच वरून पट्टी लावली होती.

मी त्याला ते दाखवलं. मग तो खरं बोलला.

"मी बाईंना बोल्लो, हा नका रंगवू. त्या बोलल्या, सात रंगवलेले नि एक उघरा, कसा दिसंल? नि कंपनीची जाहिरात मना नको. मग मी गप रायलो. बाईंच्या पुरं बोलनार कोन? त्यांनी माज्या पोरीला चमच्यानं जेवाला शिकवलाय."

"विषाचा आहे, हे सांगितलंस?"

"येवरं नाय सांगितला. मना वाटला, मी हाय ना तिथं, मी बगन." दौडीच्या सकाळी त्याला रस्त्यावरच्या गाड्या वळवायला उभं केलं होतं. सरबत कालवणाऱ्यांना आठही ड्रम सारखेच दिसले.

बाईंनी काही लपवलं नाही. "लेबल मी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. "कागद दिसला, झाका म्हटलं. मुलांच्या हातात कुंचला मीच दिला." मग विचारलं, "मुलांचे जबाब घेणार नाही ना? त्यांना वाटेल त्यांनीच काहीतरी केलं." मी नाही म्हटलं. त्या दिवशी मला शब्द देता येईल अशी तेवढीच एक गोष्ट होती.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा बाईंवर दाखल झाला. ड्रमावर त्याने इशारा लिहिलेला होता, म्हणून टेम्पोवाला साक्षीदार झाला. भंगारवाल्यावर वेगळी कारवाई केली. दोषारोपपत्र मी स्वतः वाचून सही केली, त्यात एक ओळही खोटी नव्हती. महिन्याभरात विश्वस्तांनी राजीनामे दिले. केंद्राला हॉल देणाऱ्या सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, सहानुभूती आहे हो, पण सोसायटीला टेन्शन नको." केंद्र बंद पडलं. गेलेल्या गृहस्थांची पत्नी दोनदा ठाण्यात आली. दोन्ही वेळा तिने एकच विचारलं, "मुद्दाम नाही केलं ना कोणी?" मी नाही म्हटलं. तिला त्याने बरं वाटलं की अधिक वाईट, मला कळलं नाही.

निवृत्तीच्या आधी टेम्पोवाला महाप्याच्या सिग्नलला भेटला. मुलगी शेजारी बसली होती, सीटला ओढणीने बांधलेली. मी गाडीतून उतरले. वाटलं, हा निदान सुटला.

"मॅडम," तो म्हणाला, रागाने नाही, "मी आत गेलो असतो तर केंद्र चालू रायला असता, पोरीला बाईंनी ठेवली असती. तुमी मना सोरला. आता हिला कोन बगंल?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले, त्याला जावं लागलं.

बाळांनो, या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक मला नेहमी विचारतात. तपासापुरतं सांगता येतं. हात धुण्याचं पाणी पिण्याच्या पाण्याशेजारी ठेवू नये, वेगळ्या आकाराच्या भांड्यात ठेवावं. मोठ्या माणसाला अडवायचं असेल तर अर्धं सांगू नये, पूर्ण सांगावं, त्याला राग आला तरी. दौड भरवाल तेव्हा एवढं पाळा.

त्यापलीकडचं मला येत नाही. खरं शोधलं की कोणाचं तरी भलं होतं, या समजुतीवर मी पस्तीस वर्षं वर्दी घातली. त्या तपासात माझी चूक कुठे झाली ते मी अनेकदा शोधलं. सापडली असती तर बरं झालं असतं. चूक नव्हती. सगळं नियमाप्रमाणे केलं, आणि ती मुलगी टेम्पोत बांधलेली राहिली.