मांजरामागे धावली म्हणून कोंबडा?

मैत्रिणींनो, माझा राग अजून गेलेला नाही.

कोसाडच्या आमच्या अंगणात वाढलेलं कोंबडीचं तांबडं पिल्लू आज दुपारी दिरांनी पाहुण्यांसाठी कापलं. मी सकाळीच म्हटलं होतं, "भाऊजी, थांबा. हिच्या पाठीवरची पिसं गोल आहेत, कोंबड्यासारखी टोकदार नाहीत. तलंग आहे ही, थोड्या दिवसांत अंडी देईल."

"वहिनी, हाऊ कोंबडाच शे! मांजरना मांगे पयस," म्हणत ते हसले. पाहुणेही हसले.

कापल्यावर पोटात पिवळ्या अंड्यांचा घोस निघाला. भाऊजी सुरी पुसत म्हणाले, "मंग ती मांजरसंगे इतली भांडे कसाले?"

मी जेवले नाही. सांगा मला, तुमच्याकडे बाई ठरायला किती गप्प बसावं लागतं?